जागा वाढल्या तर खासदार आपल्या गावाजवळ येईल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उमरखेड तालुक्यात ढाणकीकडच्या तुमच्या गावच्या वाचनालयाने वादविवाद स्पर्धा ठेवली आहे, विषय 'लोकसभेची सदस्यसंख्या वाढवावी का', आणि तुमच्या वाट्याला 'वाढवावी' ही बाजू आली आहे. पुढे तुम्ही लिहिता, "बोलायला उभा राहीन, पण मलेच पटून नाही राहिलं. आमच्याकडे खासदार पाच वर्षांत एकदा येते. जागा वाढल्या तर तो जवळ येईल, का दिल्लीत नुसत्या खुर्च्या वाढतील?"

मी यवतमाळात १९ वर्षे खासदारांच्या कार्यालयात स्वीय सहायक होतो. आधी एका साहेबांकडे, मग दुसऱ्यांकडे. पक्ष वेगळे, पण टेबल तेच आणि अर्जही तेच. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि त्या टेबलावरून दिसलेलं जास्त सांगतो.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. देशात एकूण खासदार किती असावेत, हा एक. त्यातले आपल्या भागाच्या वाट्याला किती येतात, हा दुसरा. आणि मतदारसंघाची रेषा कुठून जाते, हा तिसरा. टीव्हीवर भांडण असतं ते पहिल्याचं. आपल्या गावाचं भलंबुरं ठरतं ते दुसऱ्या-तिसऱ्यावर.

पहिल्याचा हिशेब सोपा आहे. घटना लिहिली तेव्हा साडेसात लाख लोकांमागे किमान एक खासदार असावा, असं तिच्यात होतं. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत ४८९ जागा होत्या आणि लोकसंख्या ३६ कोटींच्या आसपास, म्हणजे गणित जुळत होतं. आजच्या ५४३ जागांची राज्याराज्यांतली वाटणी १९७१च्या जनगणनेवर उभी आहे. त्या वेळी देश ५५ कोटींच्या जवळ होता, एका खासदारामागे दहा लाख माणसं. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने ही वाटणी गोठवली, कारण कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी झाल्या तर ती त्यांना शिक्षाच झाली असती. मग ८४व्या दुरुस्तीने तेच २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. २०११ची जनगणना धरली तर एका खासदारामागे २२ लाख माणसं येतात. आपल्या महाराष्ट्रात २३ लाखांवर. ब्रिटनमध्ये ६५० खासदार आहेत, तिथे एकामागे लाखभर लोक.

तेव्हा 'आकडा जुना झाला' या म्हणण्यात काही खोट नाही. पण तुमची शंका आकड्याची नाहीच. तुमची शंका आहे ती 'जवळ येईल का' ही. तिकडे वळतो.

आमच्या कार्यालयात बाजाराच्या दिवशी पायरीपर्यंत गर्दी असायची. माझ्याकडे एक लांबट रजिस्टर होतं. त्यात नाव, गाव, विषय, कुणाकडे पाठवलं आणि शेवटी 'शेरा' असे रकाने. एखाद्या दिवसाचं पान उघडलं तर विषयाच्या रकान्यात काय दिसायचं? डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. शेताकडचा पांदण रस्ता. घरकुलाचा हप्ता. विहिरीचं बिल. निराधारचे पैसे. शाळेची पडकी खोली. यातलं जवळपास काहीच खासदाराच्या हातातलं नाही. डीपी वीज कंपनीची, पांदण रस्ता तहसील आणि पंचायत समितीचा, शाळा जिल्हा परिषदेची. एकदा एका म्हाताऱ्या कास्तकाराला मी समजावलं, बाबाजी, हे काम आमचं नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते आणि बारा दिवसांपासून डीपी बंद होती. ते म्हणाले, "मत तं तुमालेच देल्लं ना?" मी मुकाट्याने पत्र टाइप केलं, सही-शिक्का मारला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं 'पत्र दिले'. त्या रकान्यात 'काम झाले' हे शब्द मी फार कमी वेळा लिहिले.

खरोखर खासदाराचीच म्हणावीत अशी कामं मोजकी. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पोस्ट, बँका, कापसाची सरकारी खरेदी, केंद्रीय योजनांचे निकष. आजारी माणसाच्या कागदांसोबत पंतप्रधान सहायता निधीसाठी द्यायचं पत्र. तुमच्याकडच्या जंगलातल्या बंदी भागासारख्या ठिकाणी अभयारण्यातून रस्ता न्यायचा असेल तर परवानगी राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत जाते, तिथेही खासदार लागतो. केंद्रीय विद्यालयात दहा मुलांच्या प्रवेशाची शिफारस करता यायची, तो कोटा २०२२ मध्ये बंद झाला. (खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला हायसं वाटलं. दहा जागा आणि शंभर घरं नाराज.)

राहिला निधी. खासदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात. ऐकायला मोठा आकडा आहे. पण सहा विधानसभा मतदारसंघ आणि हजारावर गावं धरली तर गावामागे पन्नास हजारही येत नाहीत, तेवढ्यात सभामंडपाचा पायाही निघत नाही. आमदाराला तेवढेच पाच कोटी एका मतदारसंघासाठी असतात. म्हणजे खासदारांची संख्या दीडपट केली तरी तुमच्या गावच्या वाट्याचे पन्नास हजार पाऊण लाख होतील, एवढाच फरक.

म्हणून गर्दीच्या अंगाने पाहिलं तर जागा वाढल्याने माझ्यासारख्या पीएच्या टेबलावरचे अर्ज कमी झाले असते. डीपी मात्र तेवढ्याच दिवसांनी आली असती. ती लवकर यायची तर जिल्हा परिषद आणि पंचायत समितीत माणूस असावा लागतो. आणि तिथे काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची सदस्यसंख्या आधी वाढवली, सरकार बदलल्यावर ती पूर्ववत केली. आरक्षणाच्या आणि गटरचनेच्या वादात निवडणुका लांबल्या आणि कित्येक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात आमच्या पायरीवरची गर्दी दुपटीने वाढली, असं माझ्या जागी आलेला पोरगा सांगायचा. सदस्यच नाही म्हटल्यावर लोक जातील कुठे?

आता दुसरा प्रश्न, वाट्याचा. यावर आपल्याकडे कोणी बोलून नाही राहिलं, याचं मला नवल वाटतं.

केरळ आणि तमिळनाडू का ओरडतात ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांची लोकसंख्या सावकाश वाढली. २०११च्या लोकसंख्येवर ५४३ जागा नव्याने वाटल्या तर केरळच्या २० च्या १५ होतील, तमिळनाडूच्या ३९ च्या ३२. उत्तर प्रदेशाच्या ८० च्या ९०. यावर तोडगा म्हणून काही जण म्हणतात, एकूण जागाच वाढवा, म्हणजे कोणाची घटणार नाही. पण हे चार भावांच्या विहिरीसारखं आहे. आठवड्यात तुमची पाळी दोन दिवस होती. आता विहीर खोल केली, पाणी वाढलं, पण पाळी दीड दिवसावर आली. पाणी कदाचित तेवढंच मिळेल, बैठकीतला शब्द मात्र हलका झाला. लोकसभेत मत मोजलं जातं, पाणी नाही. हिस्सा घटला की घटला.

महाराष्ट्राचं म्हणाल तर राज्य म्हणून आपण फार हलत नाही. ४८ जागा म्हणजे सभागृहाच्या ८.८ टक्के, आणि २०११ मध्ये आपली लोकसंख्या देशाच्या ९.३ टक्के होती. थोडा फायदाच आहे. पण विदर्भ? केरळची दिल्लीत जी तक्रार आहे, तीच आपली महाराष्ट्रात आहे. मुंबई-ठाणे-पुण्याकडे माणसं भराभर वाढली, कारण आपलीही पोरं तिकडेच गेली. २००८ मध्ये नवी रचना लागू झाली तेव्हा राज्याच्या ४८ आणि २८८ जागा तशाच राहिल्या, पण विदर्भाच्या लोकसभेच्या ११ च्या १० झाल्या आणि विधानसभेच्या ६६ च्या ६२. वाशिम मतदारसंघ यवतमाळात विरघळला. चिमूर गडचिरोलीला जोडला गेला आणि गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून सिरोंच्यापर्यंत तीनशे किलोमीटरहून लांब असा एक मतदारसंघ तयार झाला. त्या मतदारसंघातल्या खासदाराच्या पीएला एकदा मी विचारलं होतं, दौरा कसा लावतोस? तो म्हणाला, "सिरोंच्याले गेलो का मुक्काम. दुसरा इलाजच नाही."

२०११ मध्ये राज्याच्या लोकसंख्येत विदर्भ साधारण साडेवीस टक्के होता. उद्या राज्याच्या जागा दीडपट म्हणजे ७२ झाल्या असं धरा. त्याच टक्केवारीने आपल्याला १४-१५ येतील. दहाचे पंधरा झाले म्हणून फटाके फुटतील. पण एकेकाळी ४८ पैकी ११ म्हणजे जवळजवळ २३ टक्के होते, ते कोणाच्या लक्षात राहणार नाही. नव्या जनगणनेत हा टक्का आणखी खाली आला असेल तर १४ सुद्धा गृहीत धरू नका. विदर्भाच्या दृष्टीने नुसत्या 'जागा वाढवा' या घोषणेत मला फारसं काही दिसत नाही ते यामुळेच.

मग तुम्ही बोलायचं काय? त्यासाठी तिसरा प्रश्न, रेषेचा. इथे मात्र तुमच्या बाजूने खरा मुद्दा आहे, आणि तो तुमच्या तालुक्याच्या नकाशातच आहे.

तुमचा जिल्हा यवतमाळ. कलेक्टर यवतमाळचे, एसपी यवतमाळचे, जिल्हा परिषद यवतमाळची, महसूल विभाग अमरावती. आणि तुम्ही मत देता ते हिंगोलीच्या खासदाराला, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडे, मराठवाड्यात. तिकडे पांढरकवडा-घाटंजीचे कास्तकार चंद्रपूरच्या खासदाराला मत देतात. आमच्या साहेबांकडे पांढरकवड्याची माणसं यायची आणि मला सांगावं लागायचं की तुमचे खासदार चंद्रपूरला बसतात. त्यांना ते पटायचंच नाही. जिल्ह्याच्या गावाला आलोय, खासदाराच्या ऑफिसात आलोय, आणि हा बाबू म्हणतो चंद्रपूरला जा!

हे कोणी मुद्दाम केलं असं नाही. यात एक साधा भागाकार आहे. राज्यात विधानसभेच्या २८८ आणि लोकसभेच्या ४८ जागा, म्हणून सहा आमदारांच्या मतदारसंघांचा एक गठ्ठा म्हणजे एक खासदार. विधानसभा मतदारसंघ तोडून दोन खासदारांत वाटता येत नाही. आता यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेच्या जागा सात आणि वाशिमात तीन. सातातून सहाचा गठ्ठा काढला तर एक उरतो आणि वाशिमचे तीन अधांतरी राहतात. मग यवतमाळ, दिग्रस, पुसद, राळेगाव हे चार आणि वाशिम, कारंजा हे दोन मिळून आमचा यवतमाळ-वाशिम झाला. वणी आणि आर्णी चंद्रपूरला गेले, उमरखेड हिंगोलीला, तिकडे रिसोड अकोल्याला. एका जिल्ह्याला तीन खासदार!

तीन खासदार म्हणजे तिप्पट ताकद, असं वाटतं ना? उलट घडतं. प्रत्येक खासदाराचा निधी एका नोडल जिल्ह्यातून चालतो. हिंगोलीच्या खासदारांनी तुमच्या गावात काम सुचवलं तर फाइल एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाते आणि दोन नियोजन कार्यालयांत फिरते. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी 'दिशा' समिती प्रत्येक जिल्ह्याची वेगळी असते. यवतमाळच्या बैठकीत हिंगोलीच्या खासदारांना यायचं तर त्याच आठवड्यात त्यांची हिंगोलीची बैठक असते, नांदेड जिल्ह्यातलीही असते. यात माणसाचा दोष नाही. त्यांच्या सहा मतदारसंघांपैकी तुमचा एकच यवतमाळ जिल्ह्यातला आहे. त्यांच्या जागी मी असतो तरी आठवड्यातला सहावा दिवसच तुम्हाला दिला असता.

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचं उदाहरण घ्या. हा मार्ग दिग्रस, पुसद, उमरखेडवरून जातो आणि चार खासदारांच्या हद्दी ओलांडतो. पायाभरणी २००९ ची. वर्धा ते कळंब गाडी सुरू व्हायला २०२४ उजाडलं. भूसंपादन, केंद्र-राज्याचा खर्चातला वाटा, डोंगरातले बोगदे अशी कारणं आहेतच. खासदार कमी होते हे त्यांतलं एक कारण नाही. मागणीची चार पत्रं चार लेटरहेडवर जायची, यातली दोन मीच टाइप केली आहेत.

आता कल्पना करा की गठ्ठा सहाऐवजी चारचा झाला. विधानसभेच्या २८८ जागा तशाच राहिल्या आणि लोकसभेच्या ७२ झाल्या तर बरोबर चार येतात. मग पुसद, उमरखेड, दिग्रस, आर्णी असा एक मतदारसंघ बसू शकतो, सगळा एकाच जिल्ह्यातला. उरलेले यवतमाळ, राळेगाव, वणी हे तीन आणि शेजारचा एक. लहान गठ्ठा जिल्ह्याच्या हद्दीत जास्त सहज मावतो. पोतं मोठं असलं की गाडीत तिरपं ठेवावं लागतं, लहान असलं की सरळ बसतं. वेगळ्या पुसद जिल्ह्याची मागणी करणाऱ्यांनी या अंगाने विचार केलाय का, ठाऊक नाही.

हे सगळं 'जर'वर आहे, हे मात्र स्पर्धेतही प्रामाणिकपणे सांगा. विधानसभेच्या जागाही वाढल्या तर भागाकार बदलेल. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरतात, त्यामुळे रेषा सरकते. महिलांच्या एक तृतीयांश आरक्षणाची १०६वी दुरुस्ती मतदारसंघांच्या पुनर्रचनेला जोडलेली आहे. गावं जोडली जातात ती महसूल मंडळाच्या (तालुक्याच्या आतल्या गावांच्या गटाच्या) हिशेबाने, माणसं बाजाराला कुठे जातात त्या हिशेबाने नाही.

विरोधी बाजू तुम्हाला कुठे पकडेल, तेही सांगून ठेवतो. खर्चाचा मुद्दा आला तर घाबरू नका. तीनशे खासदार वाढले आणि प्रत्येकी पाच कोटी धरले तर दीड हजार कोटी होतात, केंद्राचं बजेट पन्नास लाख कोटींचं आहे. खरा वार वेगळा आहे. एवढे लोक सभागृहात बोलणार कधी? पहिल्या लोकसभेने पाच वर्षांत ६७७ दिवस काम केलं, सतराव्या लोकसभेने २७४. कोरोना धरूनही फरक मोठा आहे. प्रश्नोत्तराच्या तासाला दिवसाला वीसच तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न असतात, आणि कोणाचे प्रश्न लागतील ते चिठ्ठ्यांनी ठरतं. वेचणी ऐन भरात असताना सरकारी कापूस खरेदी केंद्रं उशिरा का उघडतात, यावर मी एकदा प्रश्न तयार केला. पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तालुक्यातले भाव, तारखा सगळं गोळा केलं होतं. चिठ्ठीत तो मागे पडला आणि अतारांकित झाला, म्हणजे लेखी उत्तर, उपप्रश्न नाही. उत्तर आलं तेव्हा अर्धा कापूस व्यापाऱ्याच्या जिनिंगमध्ये पोचला होता. आज ५४३ जणांत ही गत आहे. नव्या संसदेत लोकसभेसाठी ८८८ आसनं आहेत. आसनं भरली पण तास आणि दिवस तेवढेच राहिले, तर आपल्या माणसाची पाळी आणखी लांबेल. शिवाय १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाचा व्हिप (कसं मत द्यायचं त्याचा आदेश) निघाला की मत ठरलेलं. व्हिपखाली पाचशे हात वर होतात की आठशे, यात मोजणाऱ्यालाच काय तो फरक.

यावर माझं उत्तर असं की हा मुद्दा जागा वाढवण्याविरुद्ध नाही, तो दिवस वाढवण्याच्या बाजूने आहे. पण टाळी विरोधकालाच मिळेल, म्हणून तो मुद्दा तुम्हीच आधी मांडा आणि 'जागा वाढवा, सोबत बैठकीचे दिवसही वाढवा' असं एका दमात म्हणा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वाढवाव्यात. २२ लाखांमागे एक माणूस हे फार झालं आणि सहाचा गठ्ठा आपल्या विरळ जिल्ह्यांना सोसत नाही. पण 'खासदार जवळ येईल' हे वाक्य भाषणात घेऊ नका. समोर बसलेल्या एखाद्या आजीने विचारलं की माही डीपी कवा येईन, तर तुमच्याजवळ उत्तर नाही. त्याऐवजी फळा मागून घ्या. खडूने यवतमाळ जिल्ह्याचे सात चौकोन काढा, वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड. मग रेषा ओढा, दोन चंद्रपूरला, एक हिंगोलीला. तुमच्या गावातल्या निम्म्या लोकांना आपला खासदार कोणत्या जिल्ह्यात बसतो हे तेव्हाच पहिल्यांदा नीट दिसेल.

आणि पुनर्रचनेचा मसुदा येईल तेव्हा एक काम करा. पुनर्रचना आयोग मसुदा छापतो, हरकती मागवतो, सुनावणी ठेवतो. अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचं बळ येतं आणि कोर्टात फारसं काही करता येत नाही. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. त्यामुळे 'साहेब पाहून घेतील' म्हणून बसू नका. मागच्या वेळी मी सुनावणीला गेलो होतो तेव्हा भावनेने भरलेली निवेदनं ढिगाने होती. आयोगाच्या माणसांनी थांबून वाचली ती दोन-चारच, ज्यांत मंडळवार लोकसंख्येचा तक्ता होता आणि हे मंडळ इकडून काढलं तर ते तिकडे घाला, म्हणजे बेरीज जुळते, असं लिहिलं होतं. तुमच्या तालुक्याच्या मंडळांची यादी तहसीलमध्ये मिळेल. ती आत्ताच आणून ठेवा. तक्ता कसा भरायचा ते अडलं तर लिहा, माझं जुनं रजिस्टर अजून माळ्यावर आहे, त्याच्या मागच्या पानांवर एक नमुना आहे.